रँग्लर परांजपे: पहिला नंबर, दहा रुपये दंड, आणि मधली सगळी वर्षं

कोकणकडा (धागाकर्ता)

पुण्यात रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांचं नाव काढलं की तीन गोष्टी हमखास ऐकू येतात. केंब्रिजला पहिले आले, सावरकरांना दंड केला, आणि सई परांजप्यांचे आजोबा. तिन्ही खऱ्या. पण हा माणूस नव्वद वर्षं जगला, आणि त्यातली साठेक वर्षं शिकवत, लिहीत, भांडत, कारभार करत होता. त्याबद्दल विचारलं तर बहुतेक जण गप्प होतात. कारण सरळ आहे: ते लिबरल होते, मवाळ होते, आणि महाराष्ट्राने मवाळांची फाइल १९२० च्या सुमारास बंद करून माळ्यावर टाकली. ती जरा खाली काढू या म्हणून हा धागा.

चरित्र आधी, म्हणजे पुढे घोळ नको.

जन्म १६ फेब्रुवारी १८७६, दापोली तालुक्यातलं मुर्डी. नात्याने भाऊ लागणारे धोंडो केशव कर्वे तेव्हा मुंबईत शिकवून गुजराण करत होते. त्यांनी या हुशार पोराला शिकायला मुंबईला नेलं. पुढे फर्ग्युसन. तिथे आगरकर होते, गोखले होते, कर्वेही येऊन दाखल झाले होते. १८९६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजचं सेंट जॉन्स कॉलेज. १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉसमध्ये, म्हणजे केंब्रिजच्या पदवी परीक्षेत, बर्टविसल नावाच्या इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून पहिला क्रमांक. सीनियर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. १९०१ मध्ये सेंट जॉन्सची फेलोशिप, मधल्या काळात पॅरिस आणि ग्योटिंगेनलाही अभ्यास.

इथून पुढे खरी गोष्ट सुरू होते. विलायतेला जाताना फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीला त्यांनी शब्द दिला होता की परत येऊन आजीव सभासद होईन. आजीव सभासदाचा पगार तेव्हा पंचाहत्तर रुपयांच्या आसपास. सरकारी शिक्षण खात्यात याच्या कितीतरी पट मिळाले असते, विलायतेत राहते तर विचारायलाच नको. १९०२ मध्ये ते परत आले आणि सव्विसाव्या वर्षी फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. सुमारे दोन दशकं ती खुर्ची सांभाळली. शिवाय कर्व्यांचं महिला विद्यापीठ १९१६ मध्ये निघालं तेव्हा भांडारकर कुलपती आणि हे कुलगुरू.

मग राजकारण. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर १९२१ ते १९२३ मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री. १९२७ ते १९३२ लंडनमध्ये भारतमंत्र्याच्या इंडिया कौन्सिलवर. १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू. १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त. आणि ऐंशी वर्षांचे झाल्यावर, १९५६ ते १९५९, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. गेले ६ मे १९६६ रोजी.

मला ज्या एका प्रसंगाबद्दल बोलायचंय तो १९२४ चा आहे. द्विदल राज्यपद्धती (प्रांतातली काही खाती भारतीय मंत्र्यांकडे, बाकीची गव्हर्नरकडे) कशी चाललीय हे तपासायला सरकारने मुडिमन समिती नेमली. बहुमताचा अहवाल निघाला की थोडी डागडुजी करा, चालेल. चार बिनसरकारी सभासदांनी वेगळा अहवाल दिला: ही पद्धत फसली आहे, डागडुजीने सुधारणारी नाही. ते चौघं म्हणजे तेजबहादूर सप्रू, शिवस्वामी अय्यर, महंमद अली जीना आणि परांजपे. यातले परांजपे प्रांतात मंत्री म्हणून तीन वर्षं याच पद्धतीखाली राबलेले. 'मवाळ म्हणजे सरकारचे होयबा' हे आपण शाळेपासून ऐकतो. या सहीचं काय करायचं मग?

---

वर्गमूळ

उत्तम धागा. गणिताच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण त्या पहिल्या नंबराबद्दल आपल्याकडे अवास्तव आदर आणि अवास्तव तुच्छता दोन्ही आहेत.

ट्रायपॉस ही त्या काळी घोड्यांच्या शर्यतीसारखी परीक्षा होती. कित्येक दिवस चालणारे पेपर, वेगाला आणि क्लृप्त्यांना महत्त्व, खासगी शिकवण्या घेणारे नामांकित कोच, आणि शेवटी सिनेट हाउसमध्ये गुणानुक्रमे नावं मोठ्याने वाचायची. स्टोक्स, केली, रॅले हे सीनियर रँग्लर होते. पण मॅक्सवेल, केल्व्हिन आणि जे. जे. थॉमसन दुसरे आले होते! त्या काळी दुसरं येणं जास्त शुभ असावं. जी. एच. हार्डी परांजप्यांच्या आदल्या वर्षी, १८९८ मध्ये, चौथा आला आणि पुढे या परीक्षापद्धतीवर तुटून पडला. १९०९ नंतर क्रम जाहीर करणंच बंद झालं.

आपल्याकडे आनंदमोहन बोस १८७४ मध्ये रँग्लर झाले होते, म्हणजे पहिल्या वर्गात आले होते. पहिला नंबर मात्र परांजप्यांचाच.

पण स्पष्ट सांगायचं तर संशोधक गणिती म्हणून त्यांचं नाव नाही. त्यांच्या नावाचं प्रमेय नाही. आमच्या क्षेत्रातले लोक म्हणतात, पंचाहत्तर रुपयांच्या प्राचार्यपदाने एक गणिती खाल्ला. मला तसं वाटत नाही. ट्रायपॉसमध्ये पहिला आलेला प्रत्येक जण संशोधक होत नव्हता, कित्येक वकील आणि पाद्री झाले.

---

खवचट_आजोबा

गणित झालं, आता दंडाकडे या. दसरा १९०५. वंगभंगाचे दिवस. पुण्यात परदेशी कपड्यांची होळी. सावरकर पुढे, टिळक आणि शि. म. परांजपे हजर. आणि मग आपले हे केंब्रिजचे पहिले येऊन सावरकरांना दहा रुपये दंड करतात आणि वसतिगृहातून बाहेर काढतात. 'केसरी'ने बरोबर सालटी काढली. मवाळांची फाइल माळ्यावर टाकायला हे एक कारण मला पुरेसं आहे.

---

कोकणकडा

आजोबा, तुम्ही येणार हे माहीत होतं. :)

शिक्षा चुकीची होती असंच माझंही मत आहे. कॉलेजच्या आवाराबाहेर, सणाच्या दिवशी विद्यार्थ्यांनी स्वतःचे कपडे जाळले तर प्राचार्याचं त्यात काय जातं? पण दोन गोष्टी बघा. एक, सावरकरांना वसतिगृहातून काढलं, कॉलेजातून नाही, बी. ए. ते फर्ग्युसनमधूनच झाले. दोन, फर्ग्युसनची मान विद्यापीठाच्या संलग्नतेत आणि सरकारी अनुदानात अडकलेली होती. संस्था टिकवायची की विद्यार्थ्यांच्या भावनेबरोबर जायचं, हा प्रश्न त्या काळच्या प्रत्येक प्राचार्यापुढे होता. त्यांनी संस्था निवडली. त्याची किंमत म्हणून शंभर वर्षं लोक तेवढंच लक्षात ठेवतायत.

नवीन वाचकांसाठी: या प्रसंगात दोन परांजपे आहेत. होळीपुढे भाषण करणारे 'काळ'चे संपादक शिवराम महादेव, आणि दंड करणारे रघुनाथ पुरुषोत्तम. दोघांची खिचडी करून लिहिलेले फॉरवर्ड मी पाहिलेत. त्यात एकच परांजपे आधी होळी करतात आणि मग दंडही करतात.

---

हर्णैचा_वारा

मुर्डी म्हणजे आंजर्ल्याला लागूनच. कड्यावरच्या गणपतीला येणाऱ्यांना माहीत असेल.

दापोली तालुक्याचा हिशेब मांडून बघा एकदा. टिळकांचं मूळ गाव चिखलगाव. कर्व्यांचं मुरूड. साने गुरुजींचं पालगड. परांजप्यांचं मुर्डी. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीच्या कॅम्पात राहिले. एवढ्याशा तालुक्यातून निघालेली माणसं पुण्यामुंबईत जाऊन एकमेकांशी आयुष्यभर भांडली. टिळक आणि परांजपे यांचा वाद म्हणजे खरं तर एका तालुक्यातला भावकीचा तंटा!

कर्वे परीक्षेला बसायला मुरूडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते आणि 'वय लहान दिसतं' म्हणून त्यांना परत पाठवलं, ही गोष्ट इथे अजून सांगतात. मला नेहमी वाटतं, त्या माणसाने पुढे रघुनाथला हाताला धरून मुंबईला नेलं त्याचं मूळ या पायपिटीत असावं. आपल्याला जे धक्के बसले ते पुढच्याला नकोत. अर्थात हा माझा अंदाज.

---

निळी_शाई

धागा चांगला आहे, पण फार प्रेमाने लिहिलाय, म्हणून विरोधी बाजू मांडते.

शिक्षणमंत्री परांजपे यांच्या काळात १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला. प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांच्या ताब्यात देणारा. चांगलं पाऊल. पण त्याआधीचा क्रम बघा. गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, ते १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने नगरपालिकांना सक्ती करायची परवानगी मिळाली. म्हणजे परवानगी, केलीच पाहिजे असं नाही. मग १९२३. बारा वर्षं ठराव, विधेयकं, समित्या.

आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करूनही टाकलं होतं.

लिबरलांची अडचण इथे आहे. त्यांची तत्त्वं बरोबर, भाषणं बरोबर, अहवाल तर फारच बरोबर. पण ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं ते लोक त्यांच्या बैठकीत कधीच नव्हते. परांजप्यांनंतर मुंबई इलाख्याचं शिक्षण खातं ब्राह्मणेतर पक्षाच्या भास्करराव जाधवांकडे गेलं. ते उगीच नाही गेलं. पुण्यात १९२० मध्ये सक्तीचं शिक्षण मुलींनाही लावायचं का यावर रण माजलं, तेव्हा सुधारक मंडळी मुलींच्या बाजूने उभी राहिली हे मान्य. पण खेड्यातली महारवाड्यातली मुलगी त्या चर्चेत किती होती?

---

अर्धविराम

निळी_शाई, +१. पण शाहू महाराज संस्थानचे राजे होते. त्यांना कुणाकडून निधी मंजूर करून घ्यायचा नव्हता. मुंबईचा मंत्री तसा नव्हता. द्विदल पद्धत म्हणजे शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती भारतीय मंत्र्यांकडे 'सोपीव', आणि अर्थ, पोलीस, कायदा-सुव्यवस्था गव्हर्नरच्या माणसांकडे 'राखीव'. शाळा काढायच्या मंत्र्याने, पैसे द्यायचे की नाही ते ठरवणार दुसरा, आणि शाळा निघाल्या नाहीत की लोकांच्या शिव्या पुन्हा मंत्र्यालाच.

सोपीव खात्यांतलं मोठं उत्पन्न अबकारीचं, म्हणजे दारूचं. म्हणजे एकीकडे दारूबंदीची भाषा करायची आणि दुसरीकडे दारूच्या पैशावर मुलांच्या शाळा चालवायच्या. ही कोंडी मद्रासपासून पंजाबपर्यंत सगळ्या प्रांतांतल्या मंत्र्यांची होती.

---

पेठेतली_सून

अर्धविराम, थोडक्यात सुनेच्या हाती स्वयंपाकघर आणि कोठीच्या किल्ल्या सासूच्या कमरेला. कळलं.

मी मात्र वेगळ्याच बाजूने येते. माझ्यासाठी परांजप्यांचं लिबरलपण त्यांच्या अहवालांपेक्षा त्यांच्या घरात जास्त दिसतं. मुलगी शकुंतला, जन्म १९०६. बापासारखीच केंब्रिजला गेली, न्यूनहॅम कॉलेज, गणिताचीच ट्रायपॉस, १९२९. आणि गंमत म्हणजे तेव्हा केंब्रिज बायकांना परीक्षेला बसू द्यायचं पण पूर्ण पदवी द्यायचं नाही. ती १९४८ पासून मिळायला लागली.

मग जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत नोकरी. युरा स्लेप्टझॉफ नावाच्या रशियन चित्रकाराशी लग्न. १९३७ चा प्रभातचा 'कुंकू' पाहिला असेल तर त्यात म्हाताऱ्या नवऱ्याची तडफदार मुलगी आहे ना, ती याच. १९३८ मध्ये लखनौला सईचा जन्म, तेव्हा आजोबा तिथे कुलगुरू. लग्न मोडलं आणि शकुंतलाबाई लेकीला घेऊन माहेरी राहिल्या. १९३८-४० च्या पुण्यात नवऱ्यापासून वेगळी झालेली मुलगी आणि परदेशी बापाची नात, दोघी उजळ माथ्याने घरात. आणि नातीचं आडनाव परांजपे. शेजारपाजारच्यांनी काय काय म्हटलं असेल याची कल्पना आपण पेठेतल्या बायका सहज करू शकतो.

शकुंतलाबाईंनी पुढे आयुष्य संततिनियमनाच्या कामाला दिलं. गावोगाव जाऊन साधनं वाटणं, भाषणं, लेख. त्या काळी बाईने जाहीरपणे हे बोलणं म्हणजे! आधी विधानपरिषदेत आणि मग १९६४ पासून राज्यसभेत. १९९१ मध्ये पद्मभूषण.

---

वर्गमूळ

पेठेतली_सून ताई, यात र. धों. कर्वे आलेच पाहिजेत. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, तेही गणिताचेच प्राध्यापक. १९२१ मध्ये संततिनियमन केंद्र काढलं, त्या पायी विल्सन कॉलेजची नोकरी गेली, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, त्यातला १९३४ चा खटला बाबासाहेबांनी लढवला आणि हरले. शकुंतलाबाईंचं काम याच वाटेवरचं आहे.

म्हणजे एकाच नातेगोत्यात विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण (धोंडो केशव), नास्तिकता आणि उदारमत (रघुनाथ पुरुषोत्तम), लैंगिक शिक्षण (रघुनाथ धोंडो), कुटुंबनियोजन (शकुंतला). दोन रघुनाथ, दोघंही गणिती, दोघंही देव न मानणारे. मूळ गावाकडचं पाणी तपासायला हवं. @हर्णैचा_वारा, एक बाटली पाठवा.

---

हर्णैचा_वारा

पाणी तेच आहे हो, पण आता सगळं पर्यटक पितात.

---

आडवाट

मला सर या पदवीबद्दल विचारायचंय. १९१६ मध्ये कैसर-ए-हिंद पदक, आणि सर केलं १९४२ मध्ये. १९४२! ज्या वर्षी निम्मा महाराष्ट्र तुरुंगात किंवा भूमिगत, सातारच्या बाजूला पत्री सरकारची जुळवाजुळव. त्या वर्षी सरकारकडून पदवी घेणं हे कुठल्याही तत्त्वात बसवून दाखवा.

कोकणकडा यांनी मुडिमनची सही पुढे केली. ठीक. पण १९२४ नंतर १९२७ मध्ये तेच इंडिया कौन्सिलवर जातात, म्हणजे व्हाइटहॉलमध्ये भारतमंत्र्याचे सल्लागार. ज्या पद्धतीला 'फसली' म्हणायचं तिच्याच वरच्या मजल्यावर खुर्ची घ्यायची.

---

कोकणकडा

आडवाट, बसवून दाखवणार नाही. १९४२ ची पदवी त्यांनी नाकारली असती तर मला जास्त आवडले असते.

पण इंडिया कौन्सिलबद्दल मत वेगळं आहे. लिबरलांची कामाची रीतच ती. आत जायचं, कागद वाचायचे, विरोधी टिपण लिहायचं, हरायचं, पुढच्या बैठकीला परत जायचं. गोखल्यांची तीच, श्रीनिवास शास्त्र्यांची तीच. ज्यांना बाहेरून दार फोडायचं होतं त्यांना हे नेभळट वाटणारच. १९२० च्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार टाकला म्हणून लिबरलांना कायदेमंडळात मोकळं रान मिळालं. १९२३ मध्ये स्वराज पक्ष उतरला आणि लिबरल देशभर आडवे झाले. नॅशनल लिबरल फेडरेशनचे परांजपे दोनदा अध्यक्ष होते, १९२४ आणि १९३९. पहिल्या वेळी निदान सरकार ऐकत होतं. दुसऱ्या वेळी सरकारही नाही आणि जनताही नाही.

---

खवचट_आजोबा

म्हणजे दोन्हीकडून नापास. केंब्रिजला पहिला आलेला माणूस!

---

दक्षिणगोलार्ध

ऑस्ट्रेलियात राहतो म्हणून तिथली बाजू. परांजपे इथे पहिले भारतीय उच्चायुक्त म्हणून आले तेव्हा व्हाइट ऑस्ट्रेलिया धोरण पूर्ण जोरात होतं. १९०१ च्या कायद्यातली श्रुतलेखनाची परीक्षा १९५८ पर्यंत चालू होती: नको असलेल्या माणसाला कुठल्याही युरोपीय भाषेत मजकूर लिहायला लावायचा आणि नापास करून परत पाठवायचं. अशा देशात, स्वतः अजून पारतंत्र्यात असलेल्या देशाचा प्रतिनिधी म्हणून, सत्तरीतला एक मराठी माणूस येऊन बसतो. परीक्षा घेणाऱ्या या देशात परीक्षेतला त्या साम्राज्याचा पहिला नंबर! विरोधाभास इतका जमून आलाय की कादंबरीत लिहिला असता तर खोटा वाटला असता.

सईताईंच्या लहानपणाचा काही भाग इथेच, कॅनबेरात गेला. आणि त्यांचं पहिलं पुस्तक, मुलांसाठीच्या गोष्टींचं, त्या आठ वर्षांच्या असताना निघालं.

---

जुनाट

वाचनखूण साठवली आहे. नास्तिकतेचा उल्लेख वर ओझरता झाला, त्यावर कुणी लिहील का? माझ्या माहितीप्रमाणे ते उघडपणे देव-धर्म न मानणारे होते. राजकारणात राहून हे जमलं कसं?

---

वर्गमूळ

जुनाट, थोडं लिहितो.

त्यांचं १९३१ चं इंग्रजी पुस्तक 'द क्रक्स ऑफ द इंडियन प्रॉब्लेम'. गोलमेज परिषदांचा काळ, सगळे मतदारसंघ आणि जागावाटपावर बोलतायत. हे म्हणतात, मुळाशी धर्माचा आणि रूढीचा पगडा आहे. तो ढिला झाल्याशिवाय जातीय तेढही जाणार नाही आणि नुसती घटना लिहूनही काही होणार नाही. नंतर कलकत्ता विद्यापीठात कमला व्याख्यानं दिली, ती १९३५ मध्ये 'रॅशनॅलिझम इन प्रॅक्टिस' नावाने निघाली. ही व्याख्यानमाला आशुतोष मुखर्जींनी आपल्या कमला या मुलीच्या नावाने सुरू केली. ती बालविधवा, तिचा पुनर्विवाह त्यांनी विरोध पत्करून लावून दिला होता. तिच्या नावाच्या व्यासपीठावर कर्व्यांच्या या भावाने विवेकवादावर बोलावं हे मला फार योग्य वाटतं.

१९४९ मध्ये मद्रासला इंडियन रॅशनॅलिस्ट असोसिएशन स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष परांजपे. आज महाराष्ट्रात विवेकवाद म्हटलं की आगरकरांवरून थेट दाभोलकरांवर उडी मारतात. मधल्या नव्वद-शंभर वर्षांत हे दोन रघुनाथ आहेत. त्यातले र. धों. निदान गेल्या काही वर्षांत नाटक-सिनेमामुळे परत आले. परांजपे नाहीत.

राजकारणात जमलं कसं, याचं उत्तर सोपं आहे: जमलंच नाही. मतदारांकडे जाऊन 'तुमचा देव खोटा' म्हणणाऱ्याला मतं पडत नाहीत. त्यांची पदं बघा, बहुतेक नेमणुकीची.

---

निळी_शाई

इथेच माझा मुद्दा परत येतो. धर्माचा पगडा मुळाशी आहे हे बाबासाहेबही त्याच सुमारास सांगत होते. १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, १९३५ ला येवल्याला 'हिंदू म्हणून मरणार नाही' म्हणाले. निदान जवळपास सारखं. पण एकाने ते चवदार तळ्याच्या काठावर हजारोंसमोर सांगितलं आणि दुसऱ्याने लंडनच्या प्रकाशकाकडून इंग्रजीत छापलं. सत्य तेवढंच असेल, पण ऐकणारे वेगळे होते. आणि ज्याला जातीचा चटका बसलेलाच नाही त्याने 'विवेकाने वागा' म्हणणं वेगळं, ज्याला पाणी नाकारलं त्याने म्हणणं वेगळं.

तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूने मांडते. या माणसाने धर्माबद्दल बोलताना स्वतःच्या जातीला सूट दिली नाही. मवाळांत सगळ्यांना ते जमलं नाही. रानडे तर प्रायश्चित्त घेऊन मोकळे झाले होते.

---

अर्धविराम

निळी_शाई, हे आवडलं. पण इंग्रजीचा आरोप पूर्ण लागू होत नाही. फर्ग्युसनमध्ये दोन दशकं शिकलेली पोरं इलाखाभर मास्तर, वकील, मामलेदार झाली. प्राचार्याचा श्रोता वर्गात बसलेला असतो, तळ्याकाठी नाही. ती पोरं कुठल्या जातींची होती हे तुम्ही लगेच विचाराल, तोही प्रश्न रास्तच आहे.

जाता जाता, फर्ग्युसनचे नंतरचे प्राचार्य महाजनी हेही रँग्लर. नारळीकर पितापुत्रही केंब्रिजचेच. मराठी मध्यमवर्गाला हे एक वेडच लागलं होतं आणि ते लावलं या माणसाने.

---

आडवाट

गणितज्ञ म्हणून नाही, पुढारी म्हणून नाही, संस्थापक म्हणून कर्वे मोठे, विवेकवादी म्हणून र. धों. धारदार. मग परांजप्यांना नेमकं कशासाठी वाचायचं? हे भांडण म्हणून नाही, खरंच विचारतोय.

---

कोकणकडा

आडवाट, माझ्यापुरतं सांगतो. कारभारासाठी. आपल्याकडे थोर माणसं दोन प्रकारची मानली जातात, बलिदान करणारी आणि बंड करणारी. कॉलेजचं वेळापत्रक, विद्यापीठाचा अर्थसंकल्प, करचौकशी समितीतल्या साक्षी (१९२४-२५ च्या त्या समितीवरही ते होते) असल्या कंटाळवाण्या कामात आयुष्य घालवून त्यात आपली मतं न विकणारा माणूस आपल्या यादीत बसतच नाही. मुडिमनची सही मला म्हणून मोठी वाटते. मंत्रिपद भोगून झाल्यावर 'ही व्यवस्था फसवी आहे' असं लिहून देणारे किती मंत्री आपण पाहिलेत?

आणि दुसरं, गद्यासाठी. त्यांनी गोखल्यांवर आणि कर्व्यांवर छोटी चरित्रं लिहिली, दोन्ही १९१५ च्या आसपासची. गोखले त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते. गुरूवर लिहिताना आरती ओवाळायची नाही, हा संयम तेव्हा दुर्मीळ होता. आत्मचरित्र १९६१ चं, 'एटी-फोर नॉट आउट'. सुरुवात करायची तर तिथून करा.

---

खवचट_आजोबा

चौऱ्याऐंशीव्या वर्षी नाबाद म्हणून पुस्तक काढायचं, आणि नव्वद काढून मग बाद व्हायचं. हे मात्र आवडलं. टिळकभक्त असूनही पुस्तक शोधतो. सावरकरांच्या दंडाबद्दल स्वतः काय लिहिलंय ते आधी बघणार, बाकीचं नंतर.

---

पेठेतली_सून

आजोबा, सापडलं की ते पान इथे टंका. अख्खं.

---

जुनाट

कोकणकडा, पुढील भागाच्या प्रतीक्षेत. श्रीनिवास शास्त्री, चिमणलाल सेटलवाड यांच्यावरही असेच धागे यावेत. सेटलवाड जालियनवाला बागेच्या हंटर समितीवर होते आणि डायरला त्यांनीच खिंडीत पकडलं होतं, हेही कुणाला आठवत नाही.

---

कोकणकडा

सेटलवाड तुम्ही घ्या ना जुनाटराव. सुरुवात तर केलीतच. शास्त्रींवर मी लिहितो, दिवाळीनंतर.